महारोगाची भीती: एका दीर्घ आजाराचा सामाजिक इतिहास

कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होणारा आणि अत्यंत सावकाश वाढणारा आजार आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. काही जणांत हा काळ वीस वर्षांपर्यंत लांबतो. त्वचा आणि हातापायांच्या नसा ही या जिवाणूची मुख्य ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९५ टक्क्यांहून अधिक माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची उपजत शक्ती असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घकाळचा निकट सहवास घडल्याशिवाय सहसा लागण होत नाही आणि औषध सुरू झाल्यावर रुग्ण थोड्याच दिवसांत इतरांना लागण देईनासा होतो. संसर्गजन्य आजारांत इतकी कमी जोखीम असलेले आजार थोडेच. तरीही या एका आजाराच्या नावाने जितकी माणसे घरातून, गावातून, नोकरीतून आणि कायद्यातून बाहेर काढली गेली, तितकी क्वचितच दुसऱ्या आजाराने काढली गेली असतील.

जोखीम आणि भीती यांच्यातले हे अंतर सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि आजचा महाराष्ट्र येथे या अंतराचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास सांगता येतो. ही भीती सर्वस्वी आपोआप उपजलेली नाही. तिच्यात जुन्या रूढींचा वाटा आहे, तसाच वृत्तपत्रांचा, कायद्याचा आणि धर्मादाय संस्थांच्या प्रचाराचाही आहे. तिला ओहोटी लागली तीही केवळ माहिती वाटल्याने लागलेली नाही.

जुनी वहिवाट

चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत आजच्या कुष्ठरोगाबरोबर इतरही अनेक त्वचाविकार येतात. सुश्रुताने कुष्ठाची गणना एकापासून दुसऱ्याला होणाऱ्या रोगांत केली आहे. दुसरीकडे हा आजार पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, ही समजूत लोकमानसात खोल रुजलेली होती. धर्मशास्त्राने असाध्य कुष्ठ झालेल्या माणसाचा वारसाहक्क नाकारला होता आणि इंग्रजी न्यायालयांनीही तो नियम पुढे चालवला. हिंदू वारसाविषयक अपात्रता दूर करणारा कायदा १९२८ साली झाला, तेव्हा कुठे ती अट गेली.

मात्र या जुन्या व्यवहारात एक पायरी होती. न्यायालयांपुढे प्रश्न येई तो चिघळलेल्या, असाध्य स्वरूपाच्या रोगाचा. अंगावर एखादा चट्टा असलेला माणूस शेती करी, संसार करी. व्रण आणि व्यंग दिसू लागले की त्याची रवानगी गावकुसाबाहेरच्या खोपटात किंवा तीर्थक्षेत्राच्या वाटेवर होई. बहिष्कार क्रूर होता, पण त्यामागे विटाळ, पाप आणि किळस होती. हा माणूस साऱ्या समाजाला, किंबहुना साऱ्या साम्राज्याला धोका आहे, ही कल्पना पुढची आहे.

व्हॅन्डाइक कार्टर आणि नॉर्वेचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपीय वैद्यकाचा कल हा रोग आनुवंशिक मानण्याकडे होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतून माहिती मागवून १८६७ साली जो अहवाल दिला, त्यात कुष्ठरोग संसर्गजन्य नसल्याचा निर्वाळा होता. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी रुग्णांच्या गाठींमधील दांडीसारखे जिवाणू पाहिले आणि हे चित्र पालटू लागले.

मुंबईचा त्याच्याशी थेट संबंध आला तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्यामुळे. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे याच कार्टर यांनी काढली. १८५८ साली ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे काही वर्षे साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोग्यांची पाहणी त्यांनी वर्षानुवर्षे केली. १८७३ मध्ये ते नॉर्वेला जाऊन हान्सेन यांना भेटले. परतल्यावर त्यांनी रोग्यांना निराळे ठेवणारी आश्रयस्थाने इलाख्यात उभारावीत असा आग्रह धरला. नॉर्वेत रुग्णसंख्या घटत होती आणि तिथे विलगीकरणाची पद्धत होती, हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया होता. सरकारने मोठा खर्च करण्याचे टाळले. पुढची पंधरा वर्षे हा प्रश्न मुख्यतः डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात राहिला.

१८८९: एका मृत्यूची बातमी

हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सक्तीची वसाहत होती. बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन १८७३ पासून तिथे रुग्णांची सेवा करीत होते. त्यांना स्वतःला तो रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी ते वारले. तारायंत्र आणि स्वस्त वृत्तपत्रांच्या त्या काळात ही बातमी जगभर पसरली. एक गोरा, तरुण, धर्मनिष्ठ माणूस सेवा करताना या रोगाने मेला, ही गोष्ट वाचकांच्या मनात ठसली. त्याच वर्षी आर्चडीकन हेन्री प्रेस राइट यांनी कुष्ठरोगाला साम्राज्यावरचे संकट ठरवणारे पुस्तक छापले. लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभा राहिला. हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्येच कुष्ठरोग्यांविषयी कायद्याचा मसुदा मतांसाठी फिरवला.

मोलोकाईत डेमियन यांच्या आधी आणि नंतर हजारो हवाईयन माणसे मेली. त्यांच्या मृत्यूंची बातमी झाली नाही. जोखमीचा अंदाज बांधताना माणसे आकडे क्वचित पाहतात आणि सहज आठवेल त्या उदाहरणावर विसंबतात, हे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७३ साली प्रयोगांनी दाखवले. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये सायन्स या नियतकालिकातील लेखात लोकांच्या जोखीम-जाणिवेचे दोन मुख्य आधार सांगितले. धोका किती भयावह आणि हाताबाहेरचा वाटतो, हा एक. तो किती अज्ञात, अदृश्य आणि उशिरा फळ देणारा आहे, हा दुसरा. कुष्ठरोग दोन्ही कसोट्यांवर टोकाला बसतो. त्याचे परिणाम डोळ्यांना दिसतात, चेहऱ्यावर आणि हातांवर दिसतात. आणि लागण कधी, कुठे, कोणापासून झाली हे पाच-दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. अशा आजाराबद्दल संख्येने जोखीम किती कमी आहे हे सांगून मन निवत नाही.

रॉजर कॅस्परसन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आणखी एक दुवा जोडला. एखाद्या धोक्याची बातमी वृत्तपत्रे, तज्ज्ञ, संघटना आणि सरकार यांच्या हातांतून जाताना प्रत्येक टप्प्यावर वाढत किंवा विरत जाते, आणि तिच्यातून निर्माण झालेले कायदे व व्यवहार पुन्हा त्या धोक्याचा पुरावा म्हणून वाचले जातात. १८८९ ते १८९८ या दशकात कुष्ठरोगाबाबत नेमके हेच घडले.

आयोग सांगतो एक, कायदा करतो दुसरे

लंडनच्या निधीतून पाठवलेला कुष्ठरोग आयोग १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानभर फिरला. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता: रोग आनुवंशिक नाही, तो देशात वाढत नाही, आणि संसर्गाने होत असला तरी त्याची जोखीम इतकी अल्प आहे की सक्तीच्या विलगीकरणाला आधार उरत नाही. निधीच्या लंडनमधील समितीतल्या अनेकांना तो पटला नाही. ज्या भीतीपोटी आयोग नेमला गेला, तिला या उत्तराने समाधान मिळण्यासारखे नव्हते.

मुंबईत तोवर निर्णय झालाही होता. शहराच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांविषयी वृत्तपत्रांतून ओरड चालली होती. १८९० साली महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे आजचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी वाचकांना ॲकवर्थ हे नाव आणखी एका कारणाने जवळचे आहे: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी ऐतिहासिक पोवाडे गोळा केले आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. आश्रयस्थानाने अनेकांना छप्पर, अन्न आणि मलमपट्टी दिली, यात संशय नाही. पण तिथे आणले गेले ते रस्त्यावरचे भिकारी. स्वतःच्या घरात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी रुग्णाला कोणी हात लावला नाही.

१८९७ साली बर्लिनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने नॉर्वेच्या धर्तीवरील विलगीकरणाची शिफारस केली आणि १८९८ साली हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांचा कायदा मंजूर झाला. उघड्यावर भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या कुष्ठरोग्याला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे आणि आश्रयस्थानात ठेवावे, अशी तरतूद त्यात होती. जिथे हा कायदा लागू केला जाई तिथे रुग्णांना विक्रीचे खाद्यपदार्थ तयार करणे, सार्वजनिक विहिरी-तळ्यांचे पाणी वापरणे आणि भाड्याची वाहने हाकणे यांवर बंदी घालता येई. जिवाणू श्रीमंत-गरीब पाहत नाही. कायद्याने मात्र फक्त निर्धन रुग्णाला धोका ठरवले. यातून कळते की शहरांना खरी अडचण लागणीची कमी आणि नजरेला पडणाऱ्या दैन्याची अधिक होती.

मिशनची छायाचित्रे

याच काळात वेलेस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापलेल्या मिशन टू लेपर्ससारख्या संस्थांनी भारतभर रुग्णालये आणि वसाहती उभारल्या. ज्यांना आप्तांनी टाकले त्यांना या लोकांनी जवळ केले. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या कुष्ठधामांची मुळे या कार्यात आहेत. त्यांच्या खर्चासाठी इंग्लंड-अमेरिकेतल्या भाविकांकडून पैसा येई आणि तो मिळवण्यासाठी पत्रके, मासिके आणि छायाचित्रे छापली जात. त्यांत झडलेली बोटे आणि विद्रूप झालेले चेहरे असत, आणि बायबलमधल्या अस्पृश्य कुष्ठ्याची आठवण करून दिली जाई.

समाजशास्त्रज्ञ झाकरी गुसॉव आणि जॉर्ज ट्रेसी यांनी १९७० साली असे मांडले की आधुनिक जगातील कुष्ठरोगाचा कलंक प्राचीन काळापासून अखंड चालत आलेला नाही; एकोणिसाव्या शतकातील साम्राज्य आणि मिशनकार्य यांनी तो नव्याने घडवला. भारतातल्या जुन्या बहिष्काराचा विचार करता हे मत पूर्णांशाने स्वीकारणे कठीण आहे. पण त्यातला एक भाग निर्विवाद आहे. वाचकाला दया यावी म्हणून निवडलेले छायाचित्र त्याच्या मनात रोगाचे शेवटचे रूप हेच रोगाचे रूप म्हणून बसवते. पहिल्या चट्ट्याचे छायाचित्र कोणी छापले नाही, कारण ते पाहून कोणाचे मन द्रवले नसते.

दत्तपूर, सेवाग्राम, तपोवन, आनंदवन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपचार म्हणून चालमोगरा आणि त्याच्या जातीच्या कडू कवठाचे तेल वापरत. टोचणी वेदनादायक असे आणि गुण अनिश्चित. तरीही औषध आहे म्हटल्यावर रुग्ण आपणहून येऊ लागले. कलकत्त्यात अर्नेस्ट म्यूर यांनी १९२० च्या दशकात प्रचार, उपचार आणि पाहणी अशी त्रिसूत्री आखली. सक्तीने पकडण्यापेक्षा बाह्यरुग्ण दवाखाना उघडला तर लपलेले रुग्ण सापडतात, हा तिचा गाभा होता.

विदर्भात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोगी सेवा मंडळ सुरू केले. १९३९ च्या अखेरीस संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगातले ते गांधीजींचे सोबती. गांधीजींनी त्यांच्यासाठी आश्रमातच झोपडी बांधून घेतली आणि स्वतःच्या हाताने ते त्यांच्या अंगाला मालीश करीत. या मालिशीचे छायाचित्र पुढे कुष्ठरोगाच्या प्रचारसाहित्यात वारंवार छापले गेले. मिशनच्या छायाचित्रात रुग्ण एकटा असे. इथे प्रथमच त्याच्या त्वचेवर दुसऱ्या माणसाचा उघडा हात होता, आणि तो हात देशातल्या सर्वांत परिचित माणसाचा होता.

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. वरोऱ्यात मुरलीधर देवीदास आमटे हे नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना मैला वाहण्याचे काम स्वतः करीत. एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या रुग्णाचे कुजलेले शरीर पाहून ते घाबरून पळाले. कशालाच न भिणारा म्हणवणारा आपण इथे कसे भ्यालो, या प्रश्नाने त्यांना परत नेले. ही भीती बाबा आमटे यांनी कधी लपवली नाही. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये सहा रुग्णांना घेऊन आनंदवनाची वस्ती सुरू झाली.

सुरुवातीला आनंदवनातले दूध आणि भाजी घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे राहून काम करू लागले, रुग्णांच्या पंक्तीला जेवू लागले, आणि गावकऱ्यांची ये-जा हळूहळू वाढली. पुढे रुग्णांनी बांधलेल्या इमारतींत महाविद्यालय उघडले आणि परिसरातली निरोगी मुले तिथे शिकायला येऊ लागली. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांनी आनंदवनाविषयी आपुलकीने लिहिले. मराठी वाचकाला या आजाराची दुसरी प्रतिमा त्या लेखनातून मिळाली: विहीर खोदणारा, शेत पिकवणारा, हातमाग चालवणारा माणूस.

पाहणी, शिक्षण, उपचार

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कारव्हिल येथे सल्फोन गटातले प्रोमीन हे औषध गुणकारी ठरले. त्याच गटातले डॅप्सोन स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात घेता येई. त्याच सुमारास वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. नसा बधिर झाल्याने चटका, जखम, घासणे कळत नाही आणि न कळलेल्या इजांनी बोटे जातात. स्नायूबंध बदलण्याच्या शस्त्रक्रियेने वाकडी बोटे पुन्हा कामाची करता येतात, हेही त्यांनी सिद्ध केले. लोक ज्याला रोग समजून घाबरत होते ते बहुतांशी टाळता येणारे व्यंग होते.

वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वारडेकर यांच्या नेतृत्वाखाली पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली गेली आणि १९५५ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ती उचलली. या पद्धतीत कार्यकर्ता घरोघर जाई. दिवसाच्या उजेडात माणसाला उभे करून तो त्याची पाठ, दंड, मांड्या पाही. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की त्या माणसाला डोळे मिटायला सांगे, कापसाच्या वातीने आधी चांगल्या कातडीला आणि मग चट्ट्यावर हलकेच स्पर्श करी, आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगे. चट्ट्यावर बोट पोचले नाही की निदान जवळजवळ झाले. कोपराजवळची नस जाड झाली आहे का हेही तो चाचपून पाही. इतकी ही साधी, हातांनी करायची तपासणी होती.

तिच्यातच एक अडचण दडलेली होती. कुष्ठरोगाचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जाणारा माणूस एखाद्या घरी दुसऱ्यांदा गेला की शेजाऱ्यांना काय ते समजे. ज्या भेटीने रोग बरा होणार तीच भेट रोग जाहीर करी. म्हणून अनेक रुग्ण आपल्या गावापासून दूरच्या दवाखान्यात जाणे पसंत करीत.

कायदाही दोन तोंडांनी बोलत होता. ज्या १९५५ सालाच्या सुमारास सरकार गोळ्या वाटू लागले, त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदले गेले. मुंबईचा १९५९ चा भीकप्रतिबंधक कायदाही कुष्ठरोगी भिकाऱ्यांना अडकवून ठेवण्याची मुभा देत होता.

कलंकाचे मोजमाप

१९६३ साली अर्व्हिंग गॉफमन यांनी कलंक या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाने अभ्यासाला भाषा दिली. एखादे लक्षण माणसाची बाकी सारी ओळख पुसून टाकते, आणि ज्याचे लक्षण अजून दिसत नाही तो ते कळेल या धास्तीत आयुष्य काढतो, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. कुष्ठरोगाच्या पहिल्या चट्ट्याचा रुग्ण या दुसऱ्या गटातला.

मुंबईत या प्रश्नाचे एक महत्त्वाचे मोजमाप झाले. मिचेल वाइस, डी. आर. दूंगाजी आणि सहकाऱ्यांनी एमिक या नावाने ओळखली जाणारी मुलाखत-पद्धत तयार केली आणि १९९२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाला आपला आजार कशामुळे झाला असे वाटते, कोणापासून तो लपवतो, घरच्यांनी कसे वागवले, याची पद्धतशीर नोंद तिच्यात होते. नव्याने निदान झालेल्या ५६ कुष्ठरुग्णांची तुलना कोड असलेल्या १९ आणि शिबं असलेल्या १२ जणांशी केली गेली. नैराश्य, चिंता किंवा तत्सम मानसिक विकाराचे निकष कुष्ठरुग्णांपैकी ५० टक्के, कोड असलेल्यांपैकी ३७ टक्के आणि शिबं असलेल्यांपैकी अवघे ८ टक्के जण पूर्ण करीत होते.

गट लहान आहेत, पण क्रम विचार करायला लावतो. कोड कोणापासून कोणाला होत नाही आणि त्याने शरीराचे काही बिघडत नाही. शिबं बुरशीमुळे येतात. मनाचा भार रोगाच्या गांभीर्याप्रमाणे किंवा लागण होण्याच्या शक्यतेप्रमाणे ठरला असता तर कोड आणि शिबं शेजारी असायला हवे होते. प्रत्यक्षात कोड कुष्ठरोगाच्या जवळ आहे, कारण पांढरा डाग पाहिल्यावर लोकांना जे वाटते ते कुष्ठरोगाशी जोडलेले आहे. एमिकची कलंकमापनाची प्रश्नावली पुढे अनेक देशांत आणि क्षयरोगासारख्या इतर आजारांसाठीही वापरली गेली.

माहिती, माध्यमे आणि सहवास

एकाच औषधाला जिवाणू दाद देईनासा झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात तो प्रथम आलेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. सहा महिने किंवा वर्षभरात रोग पूर्ण बरा होतो, ही बातमी लोकांपर्यंत पोचवणे हे आता मुख्य काम ठरले.

ती कशी पोचवावी याचे उत्तर सोपे नव्हते. अर्व्हिंग जॅनिस आणि सिमोर फेशबॅक यांनी १९५३ मध्येच शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले होते की दातांच्या निगेविषयी सर्वांत भीतीदायक चित्रे दाखवलेल्या मुलांच्या सवयी सर्वांत कमी बदलल्या. सौम्य भाषेत सांगितलेल्या मुलांत बदल अधिक झाला. भीती फार वाढली की माणूस विषयच टाळतो. कुष्ठरोगाच्या जुन्या भित्तिपत्रकांवर वाकडी बोटे आणि व्रण असत. लवकर या, हा त्यांचा संदेश होता. पाहणाऱ्याने त्यातून आपला चट्टा लपवण्याचे कारण घेतले तर नवल नाही. पुढच्या मोहिमांनी चट्ट्याचे चित्र, बरा झालेला रुग्ण आणि मोफत औषध यांवर भर दिला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दूरदर्शन आणि आकाशवाणीवरच्या छोट्या नाटिका, गावोगावचे प्रयोग आणि चित्रफितींच्या गाड्या यांतून बीबीसीच्या विकास संस्थेने उत्तर व पूर्व भारतात अशीच मोठी मोहीम राबवली.

माहितीचीही मर्यादा दिसून आली. एम. एस. राजू आणि एस. एन. एम. कोप्पर्ती यांनी आंध्र प्रदेश आणि ओडिशातील गावांत केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाबद्दल अधिक माहिती असलेल्या लोकांची वृत्ती अधिक अनुकूल असतेच असे नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. जंतू, गोळी, बरे होणे हे सारे ठाऊक असलेला माणूसही त्या घरात मुलगी द्यायला कचरतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला सहवासाचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो: समान पातळीवर, समान कामासाठी, संस्थांच्या पाठिंब्याने झालेला संपर्क पूर्वग्रह सैल करतो. इंडोनेशियातल्या चिरेबोन जिल्ह्यात २०१० च्या दशकात रुग्णांनी स्वतः गावकऱ्यांपुढे आपले अनुभव सांगण्याचे कार्यक्रम झाले, रुग्णांनीच केलेल्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, आणि कलंकाची तीव्रता मोजण्याइतकी उतरली. महाराष्ट्राने सेवाग्राम आणि आनंदवनात हे सिद्धांताचे नाव न घेता आधीच करून पाहिले होते.

संपल्याची बातमी आणि उरलेले काम

दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, ही निर्मूलनाची आंतरराष्ट्रीय मर्यादा भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठली. १९८३ मध्ये हे प्रमाण ५७ च्या घरात होते. हे यश खरे आहे. मात्र कुष्ठरोग संपला, अशी बातमी वाचल्यावर लोकांचे आणि तरुण डॉक्टरांचे लक्षही त्यावरून उडाले. चट्टा पाहून कुष्ठरोगाची शंका येणे कमी झाले. कलंक मात्र जागीच राहिला. देशात आजही दरवर्षी साधारण १ लाख नवे रुग्ण आढळतात, जगातील नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. त्यांतल्या दर शंभरांपैकी दोन-तीन जण डोळ्यांना दिसणारे व्यंग आल्यावरच सापडतात.

भीतीची खरी किंमत इथे मोजली जाते. माणूस भीतीने लपतो, लपल्याने उपचाराला उशीर होतो, उशिराने व्यंग येते, आणि ते व्यंग पाहून पुढचा माणूस आपला चट्टा लपवतो. २०१८ पासून रुग्णाच्या निकट सहवासातल्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो. त्यासाठी रुग्णाने आपल्या आजाराची वाच्यता होऊ देणे भाग असते. म्हणजे नवे औषधही शेवटी कलंकापाशी अडते.

कायद्यातली जळमटे अलीकडे निघू लागली आहेत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील कुष्ठरुग्णाला नगरपालिकेचे पद नाकारणारी तरतूद वैध ठरवली होती. २०१५ मध्ये विधि आयोगाने आपल्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या कायद्यांची यादी देऊन ते रद्द करण्यास सांगितले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये केंद्राने रद्द केला. २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून घटस्फोटाचे हे कारण काढून टाकले गेले. २०१७ पासून ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, ग्रामसभांतून स्पर्श मोहीम घेतली जाते. केंद्राच्या योजनेत २०२७ पर्यंत संसर्गाची साखळी पूर्ण तोडण्याचे उद्दिष्ट आहे.

या दीडशे वर्षांतून निघणारा निष्कर्ष इतर दीर्घ आजारांनाही लागू पडतो. लोकांची जोखीम-जाणीव बातम्यांनी, चित्रांनी आणि कायद्यांनी घडते, आणि एकदा घडली की वैद्यकीय निष्कर्षांना ती सहजी दाद देत नाही. १८९३ च्या अहवालाचा अनुभव हेच सांगतो. ती बदलायची तर गुणकारी आणि घराजवळचे औषध हवे, रुग्णाला वेगळे पाडणारे कायदे जायला हवेत, माध्यमांनी रोगाची सुरुवात आणि बरे होणे दाखवायला हवे, आणि बरा झालेला माणूस शेजारी, सहकारी, शिक्षक म्हणून समोर असायला हवा. यांतले एकटे एक कोणतेही पुरेसे ठरलेले नाही. जिथे ही चारही एकत्र आली, तिथे रुग्ण चट्टा दिसताच दवाखान्यात आला.